बाहेर नेता येणार नाही

४ फेब्रुवारी

प्रति,
मा. प्रमुख, जाळे विस्तार विभाग,
विद्यापीठ संगणक केंद्र.

विषय: पेटी मिळाल्याबाबत.

महोदय,

आजवर विद्यापीठे आणि मोठ्या प्रयोगशाळा यांच्यापुरते असलेले आपले अतिवेगवान जाळे आता शाळा, वाचनालये आणि संग्रहालये यांच्यापर्यंत आणण्याची योजना स्तुत्य आहे. तीत आमच्या गावातली तिन्ही ठिकाणे घेतल्याबद्दल आभारी आहे. आपल्या माणसांनी काल पेटी (काळी, दिवे लुकलुकणारी, नग एक) आणून बसवली. शाळेची आणि संग्रहालयाची तार याच पेटीतून पुढे जाते, असे त्यांनी मला दोनदा समजावले. एकदा पुरले असते.

पेटी दाखलनोंदवहीत क्रमांक २१,३८६ वर नोंदली आहे. या वाचनालयात दारातून येणारी प्रत्येक वस्तू आधी वहीत जाते आणि मग कपाटात. शिक्का मारायला पान नसल्यामुळे तो पेटीच्या पाठीवर मारला. पेटी शब्दकोशांच्या कपाटात, कुलपात आहे. कपाटावर 'फक्त संदर्भासाठी. बाहेर नेता येणार नाही' अशी पाटी आधीपासूनच आहे. ती पेटीलाही लागू राहील.

कळावे,
ग्रंथपाल

ता. क. महोदय लिहून झालं, आता ऐक. पेटीबरोबर आलेल्या पत्राखाली तुझी सही बघितली आणि चष्मा पुसून परत बघितली. नऊ वर्षांत तू या गावात एकदाच आलास, बाबा गेले तेव्हा. तेव्हाही आपण दोघं भाऊबहीण नसून शेजारच्या घरातले भाडेकरू असल्यासारखे बोललो. असो. तुझ्या पत्रात म्हटलंय की तिन्ही ठिकाणांच्या मध्यावर असल्यामुळे पेटीसाठी वाचनालय निवडलं. मी टेप घेऊन मोजून आले. मध्यावर शाळा आहे. नकाशा वाचायला तुला मीच शिकवलं होतं, तेव्हा हे कारण दुसऱ्या कुणाला तरी सांग.

आणि पेटीची काळजी नको. बाबांचा नियम मी मोडलेला नाही. संध्याकाळी पाचला मेन स्विच खाली केल्याशिवाय दाराला कुलूप लागत नाही. नऊ वर्षांत एक दिवससुद्धा चुकलेली नाही.


२१ फेब्रुवारी

महोदय (हे शेवटचं),

उत्तर आलं नाही. आलं असतं तर आश्चर्य वाटलं असतं, त्यामुळे बरंच झालं.

एक कबुली देऊन टाकते, नाहीतर ती दुसऱ्याच कुणाकडून तुला कळेल. तुझी माणसं पिवळ्या दोरीचं एक मोठं वेटोळं मागे ठेवून गेली होती. पसारा मला बघवत नाही, हे तुला माहीत आहे. मी ते जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यासारखं व्यवस्थित दुमडलं, चारी बाजूंनी सुतळीनं आवळलं आणि कपाटाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी शाळेचं जाळं बंद! तुझा माणूस आला, गठ्ठा बघितला आणि तिथेच खाली बसला. आत काच असते म्हणे. केसाएवढी. अरे, काचेची वस्तू आहे तर वर 'सांभाळून' असं लिहायला काय पैसे पडतात? त्याला चहा पाजला, त्यानं नवी तार घातली. अहवालात त्यानं 'अपघात' लिहिलंय. चांगला माणूस आहे, त्याला ओरडू नकोस.

आता गंमत सांगते. आमचे संग्रहालयवाले काका तुला आठवतात ना? दोन खोल्या, अकरा खापरं आणि एक पेंढा भरलेलं घुबड एवढ्या संसारावर ज्यांनी उभं आयुष्य काढलं ते. तुझ्या जाळ्यावरून त्यांनी एक खापर साता समुद्रापलीकडच्या एका तज्ज्ञ बाईंना दाखवलं. खापर भिंतीएवढं मोठं दिसत होतं आणि त्या तिकडून ते हवं तसं फिरवत होत्या. एका कडेवर अंगठ्याचा ठसा होता. त्या म्हणाल्या, हा ठसा लहान मुलीचा असावा, मडकं ओलं असताना तिनं हात लावला असणार. काकांनी ते खापर बावीस वर्षं रोज पुसलंय आणि त्यांना ठसा कधी दिसला नव्हता. तेव्हापासून गडी शर्टाला इस्त्री करून कामावर येतो.

आणि शाळा! मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, माझ्यापेक्षा कडक, त्यांनी कुठल्याशा दूरच्या डोंगरावरच्या दुर्बिणीची वेळ मागून घेतली. आपल्याकडे संध्याकाळ असते तेव्हा तिकडे रात्र, त्यामुळे पोरांना जागावं लागत नाही. शाळेत बसून बटण दाबायचं आणि तिकडे दुर्बीण वळते. पोरांना शनी बघायचा आहे. सातवीच्या वर्गानं कड्यांचा तक्ता काढून ठेवलाय, पाच रंगांत.

पण एक अडचण आहे, म्हणून हे पत्र. साडेपाचला सगळे बसले, दुर्बीण वळायला लागली आणि पाच चाळीसला जाळं गेलं. काळा पडदा. मोठ्या बाई तशा पडद्यालाही ओरडल्या. काकांच्या तज्ज्ञ बाईसुद्धा वाक्याच्या मध्यावर गायब होतात, त्यांची सकाळ आपल्या संध्याकाळी होते ना. दुसऱ्या दिवशी दहाला सगळं सुरळीत. तुझ्या कचेरीनं मला छापील फॉर्म पाठवला, 'आपल्या इमारतीत वीज खंडित होते का?' मी खरं ते लिहिलं. नाही. आमच्याकडे वीज कधीच जात नाही. तुझं जाळंच कच्चं असेल, नीट बघ.

तुझी (हे चुकून लिहिलं गेलं, पण खोडत नाही. खाडाखोड मला आवडत नाही),
ताई


१४ मार्च

खटपट्या,

लहानपणी घरातली घड्याळं उघडून बसायचास म्हणून तुला ठेवलेलं नाव. एवढ्या मोठ्या खुर्चीत बसलास तरी पेटीत काय बिघडलंय ते तुला सापडेना, म्हणून आठवलं.

तुझ्या कचेरीनं आता पेटीला मोठी बॅटरी पाठवली आहे. नोंदली. क्रमांक २१,३९१. तुझा माणूस म्हणाला, जुनी बॅटरी चाळीस मिनिटं पुरायची, ही ऐंशी पुरेल. मी विचारलं, पण बॅटरी लागतेच कशाला? तो म्हणाला, कुठेतरी वीज जात असणार. मी म्हटलं, आमच्याकडे जात नाही, फॉर्म बघा. तो म्हणाला, फॉर्म बघितलाय ताई, म्हणून तर सगळ्यांनी डोक्याला हात लावलाय.

तुझ्या लोकांनी काय काय काढलं ते मी लिहून ठेवलंय. उंदीर. सूर्याचं ऊन तारेवर पडतं ते. जवळच्या पिठाच्या गिरणीची मोटर. तिकडच्या एका साहेबांनी तर वाचनालयातल्या वाचकांबद्दल विचारलंय, त्यांच्यात कुणी संशयित आहे का म्हणून. माझ्याकडे रोज येतात ते तीन निवृत्त गृहस्थ. त्यातल्या एकाला वर्तमानपत्राची घडी नीट घालता येत नाही, तो जाळं काय बंद पाडणार?

बॅटरी आल्यावर मोठ्या बाईंनी दुर्बिणीची वेळ पुन्हा मागितली, सहाची मिळाली. या वेळी मीही गेले शाळेत. आधी चंद्र दिसला. खड्डे न् खड्डे! पोरं बाकांवर चढली आणि बाई चक्क ओरडल्या नाहीत. मग दुर्बीण शनीकडे वळायला लागली. सहा वीस झाले आणि काळा पडदा. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं शांतपणे तक्त्याची गुंडाळी केली. ते मला अजून डोळ्यांसमोरून जात नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा, तेच. लोक म्हणतात शनी मागे लागतो. इथे अख्खी शाळा शनीच्या मागे लागली आहे आणि तो हाती लागत नाही.

संग्रहालयवाल्या काकांनी वही काढली आणि जाळं कधी जातं त्याचे ठिपके मांडले. काल मला दाखवायला आणली. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सहा वीस. गुरुवारी दोन वीस. सोमवारी दिवसभर नाहीच. काका म्हणाले, "ताई, गुरुवारी या जाळ्याला काय होतं हो?" मी म्हटलं, "थकत असेल." ते म्हणाले, "आणि सोमवारी?" मी म्हटलं, "काका, मला खूप काम आहे."

ती वही माझ्याकडेच राहिली आहे. कुठे ठेवली ते आठवत नाही. तुला तिचा काही उपयोग होईल असं मला वाटत नाही. त्या ठिपक्यांत काही अर्थ नाही. वाचनालय गुरुवारी अर्धा दिवस असतं आणि सोमवारी बंद असतं, याच्याशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही.

ताई


२७ मार्च

खटपट्या,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. माझ्या टेबलाखालची टोपली भरली आहे आणि शिपाईदादा मला विचारतायत, बरं नाही का म्हणून.

काल तुझा तो चांगला माणूस आला होता. चहा घेता घेता म्हणाला की दोन एप्रिलला समितीची बैठक आहे. बिघाडाचं कारण तोवर सापडलं नाही तर लहान गावांची जोडणी काढून घेणार, पेट्या परत नेणार. "आणि आमच्या साहेबांचं पण कठीण आहे," तो म्हणाला. "लहान गावं घ्यायचीच हा हट्ट त्यांचा. वरचे सगळे नको म्हणत होते." मी विचारलं, कठीण म्हणजे काय? तो म्हणाला, "खुर्ची जाईल, ताई." त्याला काय माहीत की ताई म्हणजे कुणाची ताई.

तर ऐक. कारण मी आहे.

रोज पाचला मी मेन स्विच खाली करते. पेटी बॅटरीवर जाते, बॅटरी संपते, शाळा बंद, काका बंद, शनी बंद. गुरुवारी मी एकला घरी जाते. सोमवारी येतच नाही. फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलं नाही, वीज जात नाहीच, मी घालवते. पहिल्यांदा खरंच लक्षात आलं नव्हतं रे. काकांचे ठिपके बघितले आणि पायाखालची जमीन सरकली. ती वही हरवलेली नाही. हस्तलिखितांच्या कपाटात सगळ्यात खाली घातली आहे.

तू म्हणशील, मग दोन आठवडे गप्प का बसलीस? स्विच चालू ठेवायचास, कुणाला कळलंही नसतं. ठेवणार होते. तीन दिवस ठरवून गेले. पाच वाजले की हात आपोआप वर जातो आणि खटका खाली ओढल्याशिवाय माझ्याच्यानं दारातून बाहेर पडवत नाही. परवा चालू ठेवून अर्ध्या रस्त्यापर्यंत गेले आणि धावत परत आले. या वयात. समोरचा शिंपी दुकानातून बाहेर येऊन बघत होता.

हे का होतं ते तुला सांगायचं तर नऊ वर्षांपूर्वीचं सांगावं लागतं, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

तू वाचनालयातला पहिला संगणक जोडत होतास. साडेचारला कसलीशी तार आणायला बाजारात निघालास. जाताना म्हणालास, "ताई, मला उशीर झाला तर पाचला स्विच तू बंद करशील ना? सोल्डरिंग गन गरम आहे." मी "हो" म्हटलं. वर मान न करता म्हटलं, कारण मी वाचत होते. रहस्यकथा. शेवटचं प्रकरण, खुनी कोण ते पुढच्या दोन पानांत येणार होतं. पाच वाजले. मी पुस्तक उघडं धरूनच उठले, वाचत वाचत कुलूप लावलं, वाचत वाचत घरी गेले. खुनी माळी निघाला. मला तो दुसऱ्याच प्रकरणात कळला होता, यासाठी दोनशे चाळीस पुस्तकं गेली.

शिंप्यानं धूर बघितला म्हणून बाकीचं वाचलं. आणि सगळ्यांसमोर, बाबांसमोर, विश्वस्तांसमोर मी तुला म्हणाले, "बाबांनी तीस वर्षं जमवलेलं तू एका संध्याकाळी जाळलंस." तू एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, घाबरून तू विसरला असशील, मला काय सांगून गेलास ते. मग हळूहळू मी स्वतःला पटवलं की तू सांगितलंच नव्हतंस. किती छान पटलं होतं! फक्त पाच वाजले की पटेनासं व्हायचं.

नऊ वर्षांत मी एकही रहस्यकथा हातात धरलेली नाही. वाचक मागतात तेव्हा शिपाईदादा काढून देतात.

चूक माझी होती, खटपट्या. तुझी नव्हती. मी तुझ्यावर ढकलली आणि तू घर सोडून गेलास, आणि बाबांच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा तू आला नाहीस ते माझ्यामुळे. मला माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते, पण म्हणते. माफ कर.

काकांची वही सोबत जोडली आहे. हे पत्रही समितीला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. तुझी खुर्ची राहू दे, पोरांचा शनी राहू दे. वाचनालयाचा शिक्का खाली मारून देते, म्हणजे कुणी खोटं म्हणणार नाही.

ताई


९ एप्रिल

खटपट्या,

तू काल गेलास. घर कसंतरीच वाटतंय. तुझ्या घोरण्याची इतक्या लवकर सवय होईल असं वाटलं नव्हतं.

तू समोर असताना मला नीट भांडता आलं नाही, म्हणून आता भांडते. पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी तू दारात उभा राहिलास, हातात हत्यारांची तीच जुनी पिशवी, आणि काय म्हणालास? "ताई, स्विचचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं." पहिल्याच आठवड्यात! म्हणे, बाबांचा नियम ज्याला माहीत आहे त्याला पाच चाळीसचं गणित सोडवायला कितीसा वेळ लागणार. मग मोठी बॅटरी कशाला पाठवलीस? उंदरांची चौकशी कशाला? त्या तीन निवृत्त गृहस्थांवर संशय कशाला? त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.

तू म्हणालास, "स्विच चालू ठेवा असं एका ओळीत कळवलं असतं तर तू ठेवला असतास. आणि खाली 'कळावे, ग्रंथपाल' लिहून विषय संपवला असतास. मला तुझं पत्र हवं होतं." अरे शहाण्या, त्यासाठी शाळाभर पोरांचा शनी तीनदा बुडवलास? स्वतःची खुर्ची पणाला लावलीस? लाज नाही वाटत? मोठ्या बाईंना हे कळलं तर तुला बाकावर उभं करतील, आणि मी मध्ये पडणार नाही.

दुसरी गोष्ट तू इतक्या हळू आवाजात सांगितलीस की मला दोनदा विचारावी लागली. तुला आठवत होतं. नऊ वर्षं आठवत होतं. मी 'हो' म्हटलेलं, वर मान न करता म्हटलेलं, पुस्तकाचं मुखपृष्ठसुद्धा. मी म्हटलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीस? तू पेचकस फिरवत राहिलास आणि म्हणालास, "पुढच्या आठवड्यात तुझी नेमणूक होती ना, बाबांच्या जागी. विश्वस्त उभे होते समोर. मला काय, मला कुठेही नोकरी मिळाली असती."

मी स्वयंपाकघरात निघून गेले ते दूध उतू जातंय म्हणून नव्हे. दूध त्या दिवशी आणलंच नव्हतं. मी रडत होते. तुला कळलं असणारच, तू मुद्दाम जोरजोरात भिंतीत खिळे ठोकत होतास.

पेटीला तू वेगळा स्विच काढून दिलास ते छान झालं. आता पाचला मी दिवे, पंखे, सगळं खाली करते आणि पेटीचा तेवढा वरच राहतो. पहिल्या दिवशी दारात दहा मिनिटं उभी होते. मग तुझं अक्षर बघितलं, स्विचवर चिकटवलेलं, 'हा चालू राहू दे, ताई, मी बघून घेतलंय.' कुलूप लावलं आणि घरी गेले. रस्त्यात मागे वळून बघितलं, पण दोनदाच. शिंप्यानं हात केला.

बैठकीतल्या अहवालात तू 'वीजजोडणीतील त्रुटी, दुरुस्त केली' एवढंच लिहिलंस असं तुझा माणूस म्हणाला. जोडणी काढणार नाहीत, आणखी सहा गावं घेणार आहेत. त्या सहा गावांतल्या ग्रंथपालांना आधीच विचारून घे, पाचला काय काय बंद करता म्हणून. फॉर्म नीट लिही.

आणि परवाच्या संध्याकाळचं तर तू बघितलंसच, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला झाल्यासारखं वाटत नाही. सहा वीस झाले. सगळ्यांच्या नजरा घड्याळावर, पडद्याकडे कुणी बघतच नव्हतं. सहा एकवीस. काकांनी माझा हात धरला, इस्त्रीच्या शर्टात घाम फुटला होता त्यांना. आणि मग तो आला. एवढासा, पिवळट, कडं घालून. पहिल्या बाकावरची ती मुलगी उठली, तक्ता उघडून पडद्याशेजारी धरला आणि म्हणाली, "बाई, आपलं कडं जाड झालंय." मोठ्या बाई हसता हसता डोळे पुसत होत्या. तू मागच्या भिंतीला टेकून उभा होतास आणि शनीकडे न बघता माझ्याकडे बघत होतास. मूर्ख कुठला.

भाचीला सुट्टी लागली की घेऊन ये. आत्याला तिनं फोटोतच बघितलंय, आणि तो फोटोही चांगला नाही. तिच्या नावाचं वाचनालयाचं कार्ड तयार आहे. रहस्यकथांचं कपाट मी काल उघडलं. तिला कुठली द्यायची ते आधी वाचून ठरवते.

ताई

ता. क. निघायच्या घाईत तू सोल्डरिंग गन टेबलावरच विसरलास. बॅटरीची सैल तार डागत होतास तेव्हा पाच वाजले, आणि तू मान वर न करता म्हणालास, "ताई, झालं की प्लग काढशील ना?" मी 'हो' म्हटलं आणि काढला. तू बघत होतास, मला माहीत आहे.

आज तुझा निरोप आला की ती पोस्टानं पाठवून दे. ते जमणार नाही. वस्तू वाचनालयाच्या दारातून आत आली आहे. दाखलनोंदवहीत नोंदली, क्रमांक २१,४०२, शिक्का मुठीवर मारलाय आणि शब्दकोशांच्या कपाटात, पेटीशेजारी, कुलपात ठेवली आहे. पाटीवर काय लिहिलंय ते तुला ठाऊक आहे. हवी असेल तेव्हा इथे येऊन वापरावी लागेल.